पाय टेकण्यापुरती वाळू

६ ऑक्टोबर

वन्सं,

घर उभं आहे. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. मीही उभी आहे. शेजारचे सुस्तरावही सुखरूप आहेत. निवाऱ्यात त्यांना दोनदा उठवावं लागलं, एकदा जेवायला आणि एकदा वादळ संपलं हे सांगायला.

तुमचा भाऊ गेल्यावर घरापुढे समुद्राला भिंत घालायची की नाही यावरून आपलं बिनसलं आणि तेव्हापासून आपण बोलत नाही, हे माझ्या लक्षात आहे. पण टीव्हीवर आपला किनारा दाखवला म्हणे, आणि तुम्ही तिकडे नखं कुरतडत बसला असाल हे मला इथून दिसतं. फोन केला तर तुम्ही उचलणार नाही, आणि उचललात तर पहिलं वाक्य काय बोलायचं ते मला सुचणार नाही. म्हणून पत्र.

किनारा गेला. म्हणजे काय ते नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही नेहमीसारखी वाढवून सांगते. पूर्वी पायरी उतरून पाण्यापर्यंत जाताना दुपारी तळवे भाजायचे, मधे एकदा तरी टॉवेलवर उभं राहावं लागायचं. आता पायरी उतरलं की पाणी. जी वाळू समोर हवी, ती मागच्या गल्लीत आली आहे. विजेच्या खांबाला कमरेएवढी वाळू आहे. स्वयंपाकघरात आहे, कपाटात आहे, साखरेच्या झाकण लावलेल्या डब्यातही आहे. कशी गेली ते तिलाच ठाऊक. नगरपालिकेचे ट्रक आले आहेत आणि भरभरून नेताहेत. मीही खराटा घेऊन मागे लागले आहे.

तुमच्या भावाचा बाक मात्र जागचा हललेला नाही. तो सिमेंटचा बाक बांधताना त्याने पाय किती खोल पुरले होते, आठवतं? तुम्ही विचारलं होतं, "बाक बांधतोयस की पूल?" आता भोवतालची वाळू गेल्यामुळे ते पाय उघडे पडले आहेत आणि बाक चांगला माझ्या छातीपर्यंत आला आहे. ओहोटीला कशीबशी वर चढून बसले. शाळेच्या पहिल्या दिवशी मोठ्या बाकावर बसवलेल्या पोरीसारखे पाय लोंबत होते. हसूही आलं, आणि खरं सांगायचं तर भीती वाटली.

तुम्ही म्हणाल, "सांगितलं होतं." म्हणा. मोठ्याने एकदा म्हणून घ्या आणि मग उत्तर पाठवा.

व्हरांड्याचं थोडं काम निघालं आहे. काळजीसारखं काही नाही.

तुमची भावजय

*

२५ ऑक्टोबर

वन्सं,

पाकीट मिळालं. आत सही केलेला कागद होता आणि सोबत एक ओळही नव्हती. पाकीट उलटं करून झटकलं, दिव्यासमोर धरलं. तुमच्याकडे शाई संपली असेल तर मी पाठवते.

कागद वाचला. नगरपालिका आपल्या टोकाला दगडांची भिंत बांधून देणार. टोकावर घरं दोनच, आपलं आणि सुस्तरावांचं. घर आपल्या दोघींच्या नावावर, म्हणून सह्या दोघींच्या हव्यात. जूनअखेरपर्यंत मुदत. तुमची सही अगदी ठळक आहे, तुम्ही हॉस्पिटलात नर्सांच्या रजा नामंजूर करायचा तशी.

सुस्तरावांनी तुम्हाला व्हरांडा पडल्याचं सांगितलं, असं ते स्वतःच बोलून गेले. म्हणजे तुमचं त्यांच्याशी फोनवर बोलणं असतं. बरं. माझ्याशी अबोला आणि त्या माणसाशी गप्पा, जो एक वाक्य पूर्ण करेपर्यंत चहा निवतो! तर हो, व्हरांडा पडला. पूर्ण पडला. खालची वाळू लाटांनी ओढून नेली, खांब अधांतरी राहिले आणि दुपारी आम्ही परत आलो तेव्हा छप्पर पाण्यात होतं. सासूबाई जिथे भाजी निवडत बसायच्या तो कोपराही गेला. हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. तुम्हाला धक्का बसेल म्हणून, आणि तुम्ही लगेच भिंतीचं काढाल म्हणूनही.

मी लगेच सही करणार नाही. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. त्या खिडकीतून मी लग्न होऊन आल्यापासून पाणी बघते आहे. तिथे दगडांची रास आली की मी काय बघू? पण पुढच्या मोसमापर्यंत वाळू परत आली नाही, तर पुढचं वादळ व्हरांड्यावर थांबणार नाही, हेही मला कळतं. मी हट्टी आहे, खुळी नाही.

तुमची भावजय

*

३ डिसेंबर

वन्सं,

तुमचं उत्तर नाही. हरकत नाही, मी लिहीतच राहणार आहे. तुम्ही वाचता हे मला कळतं. सुस्तराव परवा म्हणाले, "तुमच्या साखरेत वाळू गेली म्हणे." त्यांना हे मी सांगितलेलं नाही.

किनारा मोजणाऱ्या खात्यातून एक मुलगी आली आहे. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात तिच्या दीडपट उंच काठी, कानावर पेन्सिल. मी तिला मोजणीवाली म्हणते, ती मला काकू. दर महिन्याला येते, पायरीपासून निघते आणि कमरेएवढ्या पाण्यात जाईपर्यंत काठी टेकवत वाळूची उंची घेते. पुढचं होडीतून मोजते. मी चहा दिला आणि सरळ विचारलं, "बाई, आमची वाळू गेली कुठे?"

तिने बोट दाखवलं. "ती बघा काकू, तिथे लाट फुटतेय ना? किनाऱ्यापासून इतक्या लांब लाट उगीच फुटत नाही. खाली उथळ आहे. तुमची वाळू तिथे पाण्याखाली बांधासारखी पडली आहे."

वन्सं, मी त्या पांढऱ्या रेघेकडे कितीतरी वेळ बघत बसले. वादळाच्या मोठ्या लाटा वाळू खरवडून आत नेतात आणि नेऊन ठेवतात, असं ती म्हणते. नंतर शांत दिवसांतल्या लहान लाटा तीच वाळू थोडीथोडी परत ढकलतात. सगळी नाही येत. काही बाजूला वाहत जाऊन खाडीच्या तोंडाशी बसते, ती गेलीच. पण बरीच येते. मी विचारलं, "कधी?" तर म्हणाली, "समुद्र तारीख देत नाही." सरकारी खात्यातली असून इतकं खरं बोलते.

मग भिंतीचं विचारलं. ती म्हणाली, भिंतीने घर वाचेल बहुधा. पण लाट भिंतीवर आपटून खाली वळते आणि पायथ्याची वाळू उकरते, त्यामुळे भिंतीसमोर किनारा धरणं कठीण. "मग आम्ही काय करावं?" म्हटलं. "ते तुम्ही ठरवा. मी फक्त मोजते." मला राग आला तिचा. कुणीतरी एकदा येऊन सांगावं, हे कर आणि ते करू नकोस, असं वाटतं हो. तुमचा भाऊ सांगायचा. मी ऐकायची नाही, पण तो सांगायचा.

एक पराक्रम मात्र केला. गल्लीतली वाळू ट्रक कचराडेपोवर नेऊन टाकत होते. आपल्याच किनाऱ्याची वाळू! मी ट्रकसमोर खुर्ची टाकून बसले. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, उठा." मी म्हटलं, "तुमच्या साहेबांना बोलवा, मी स्वेटर विणत बसते." साहेब आले, मोजणीवालीने दोन शब्द टाकले आणि आता ती वाळू मोठ्या चाळणीतून काच-खिळे काढून समोर पाण्याकडे आणून ओततात. आधी मीच पाट्या भरभरून त्या ट्रकमध्ये टाकत होते, हे मी साहेबांना सांगितलं नाही.

तुमची भावजय

*

१८ फेब्रुवारी

वन्सं,

आज मन ठिकाणावर नाही, त्यामुळे पत्र वाकडं होईल.

वाळू येते आहे. पण आपल्यासमोर नाही, सुस्तरावांसमोर! त्यांच्या अंगणापुढे चांगला उंचवटा धरला आहे, आणि त्यावर हिरवं काहीतरी उगवलंय. या माणसाने वादळापासून काडी इकडची तिकडे केलेली नाही. त्यांच्यापुढे शेवाळाच्या राशी कुजताहेत, लाकडाचे ओंडके पडलेत, वास असा की नाक दाबून जावं लागतं. आणि मी? मी रोज सकाळी दाताळं घेऊन उतरते, लाटांनी फेकलेलं सगळं शेवाळ ओढून काढते, पाटीत भरून मागे नेते. आपल्यापुढची वाळू फरशीसारखी लख्ख असते. खोल्या भाड्याने घ्यायला पाहुणे आले तर त्यांना घाण दिसायला नको. लाट थोडी वाळू आणून टाकते, दोन दिवस वारा सुटला की ती उडून अंगणात येते. मग मी ती झाडते.

पाहुणे काही आलेले नाहीत. उन्हाळ्यासाठी खोल्यांची विचारणाही नाही. तुमची खोली मी तशीही कुणाला देत नाही. हे सहज लिहिलं.

आता लपवण्यात अर्थ नाही. काल तुमच्या सहीखाली मी माझी सही केली. कागद पर्समध्ये घालून नगरपालिकेत गेले. खिडकीवर जेवणाची सुट्टी होती. बाहेर बाकड्यावर बसून राहिले. समोर फळ्यावर नव्या भिंतीचं चित्र लावलं आहे, खूप सुबक. दगड, दगडांमागे घरं, घरांपुढे एक बाई मुलाचा हात धरून उभी. ती बाई दगडाकडे बघते आहे. चित्र काढणाऱ्यालाही तिने दुसरं काय बघावं ते सुचलेलं नाही. खिडकी उघडायच्या आत मी घरी आले.

कागद अजून पर्समध्येच आहे. भाजी आणायला जाते तरी तो सोबत असतो. मी थकले आहे वन्सं. तुम्ही इथे असतात तर निदान भांडायला तरी माणूस असतं.

तुमची भावजय

*

१० एप्रिल

वन्सं,

बसला आहात ना? बसा.

आज मोजणीवाली आली तेव्हा मी दाताळं ओढत होते. ती माझ्या पाटीकडे बघते, सुस्तरावांच्या उंचवट्याकडे बघते, पुन्हा पाटीकडे. मग जी हसायला लागली! रबरी बुटांसकट वाळूत बसली. म्हणाली, "काकू, समुद्र रोज किनारा आणून देतोय आणि तुम्ही तो रोज सकाळी उचलून मागे टाकताय."

प्रकार असा. उडती वाळू अडायला काहीतरी लागतं. ते शेवाळ, त्या काटक्या, हीच ती अडवणूक. वारा त्यात वाळू टाकतो, शेवाळ कुजून खत होतं, त्यात गवताचं बी रुजतं आणि मग गवत पुढची वाळू धरतं. असा उंचवटा झाला की पुढच्या वादळात लाट आधी तो खाते, घरापर्यंत यायला तिला वेळ लागतो. सुस्तरावांनी हे सगळं झोपेत केलं. मी सगळं जागेपणी मोडलं. आपल्यापुढे उंचवटा कधी म्हणजे कधीच नव्हता, आणि मी मात्र इतकी वर्षं शेजाऱ्यांना नाकं मुरडत आले!

आणि तुम्ही! तुम्ही सुट्टीला यायचा तेव्हा खुर्चीतून म्हणायचा, "राहू दे गं ते शेवाळ, समुद्र त्याचं तो बघेल." तुम्ही बरोबर होतात. हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा हवं तर कापून भिंतीला लावा. मात्र तुम्ही शास्त्र म्हणून सांगत नव्हता, तुम्हाला पाटी उचलायची नसायची. हे मी जाणून आहे.

आता माझं ऐका. एक सौदा करू. मी खराटा खाली ठेवते, तुम्ही सही मागे घ्या.

फुकटात मागत नाही. मोजणीवाली म्हणते, भिंत नको असेल तर समुद्राला जागा सोडावी लागेल. म्हणजे व्हरांडा पुन्हा बांधायचा नाही. समोरची मोठी खोलीही रिकामी करून स्वयंपाकघर गल्लीकडे न्यायचं. तो व्हरांडा तुमच्या आईचा होता, तुम्ही तिथे रांगलात. मी परक्या घरून आलेली, तो सोडून द्या असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? तरी म्हणते आहे. आणि हेही खरं की यात घराची खात्री नाही. भिंतीने कदाचित असेल. पण मग घर राहील आणि समोर काहीच नसेल. तुमचा भाऊ त्या बाकावर बसून काय बघायचा? दगड नव्हेच.

नाही म्हणालात तर मी ऐकेन. कागद माझ्या सहीसकट नेऊन देईन आणि पुन्हा कधी विषय काढणार नाही. हे रागाने लिहिलेलं नाही.

तुमची भावजय

*

२२ एप्रिल

खराटाबाई,

तुझी सगळी पत्रं मिळाली. हस्ताक्षर अजून तसंच, मुंग्या चालल्यासारखं.

तू खराटा खरंच ठेवलास का, हे सुस्तरावांना विचारून घेतलं. ते म्हणाले, दोन दिवस ठेवला, तिसऱ्या दिवशी तू इकडेतिकडे बघून थोडं शेवाळ उचललंस आणि मग परत आणून ठेवलंस. म्हणजे प्रयत्न प्रामाणिक आहे.

नगरपालिकेला कळवलं आहे. सही मागे. सुस्तरावांनी केलीच नव्हती, त्यांचा कागद हरवला आहे. व्हरांडा नको. आई असती तर म्हणाली असती, माणसं आधी आत घ्या.

भिंत मी मागितली ती तुझ्यासाठी. भावानंतर तू एकटी त्या पाण्यासमोर झोपतेस, हे मला सहन होत नव्हतं. ते त्या वेळी नीट बोलता आलं नाही, ओरडून झालं. हॉस्पिटलात सवय लागते.

त्या बाकावर बसून तुझे पाय वाळूला टेकले की कळव. तेव्हा येईन. त्याआधी आग्रह नको.

तुझी नणंद

*

१४ ऑगस्ट

वन्सं,

अंगठे टेकतात! पूर्ण पाऊल नाही, पण अंगठे टेकतात. मोजणीवालीला साक्षीदार म्हणून उभं केलं होतं. ती म्हणाली तिच्या खात्यात अशी पद्धत नाही, तरी तिने टिपून घेतलं.

लांबची ती पांढरी रेघ हळूहळू जवळ येत गेली आणि एक दिवस ओहोटीला वाळूची लांबट पाठ उघडी पडली. आता ती किनाऱ्याला चिकटली आहे. तुमच्या आईच्या व्हरांड्याच्या जागी शेवाळाची ओळ घातली आहे, तिच्यावर गुडघ्याएवढी वाळू चढली आणि चक्क गवत आलं. वास येतो. मी खिडकी लावून घेते आणि काही बोलत नाही. एक कुटुंब राहायला आलं होतं, त्यातल्या बाईने नाक दाबून विचारलं, "हे साफ का करत नाही?" मी तिला अर्धा तास समजावलं. बिचारी पुन्हा प्रश्न विचारायची नाही.

स्वयंपाकघर गल्लीकडे गेलं. ओटा तुमच्या उंचीचा करून घेतला. मला वाकावं लागतं.

तुमची भावजय

*

२९ सप्टेंबर

वन्सं,

फोनवर मला काही बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

या वेळचं वादळ गेल्या वेळेएवढं नव्हतं, पण होतं. आम्ही परत आलो तर अंगणात एक थेंब पाणी नव्हतं. लाटांनी उंचवट्याची पुढची बाजू सुरीने कापावी तशी सरळ कापून नेली. मागची उभी आहे, गवताची मुळं बाहेर लोंबताहेत. व्हरांडा असता तर पुन्हा गेला असता. घराच्या पायरीला ओलसुद्धा लागली नाही. सुस्तरावांचंही सुरक्षित. किनारा मात्र परत खाली गेला आणि बाकावर माझे पाय पुन्हा लोंबायला लागले.

मी तिथेच बसले होते तेव्हा तुमचा फोन आला. मला वाटलं तुम्ही विचाराल, घर उभं आहे का. तुम्ही म्हणालात, "उभी आहेस ना?"

मी "बसले आहे" एवढंच म्हणाले आणि ठेवला. रडत होते, म्हणून ठेवला. तुम्हाला वाटलं असेल रुसले.

या वेळी घाबरले नाही. लांब बघितलं, तर पांढरी रेघ पुन्हा तिथे होती. वाळू कुठे आहे ते ठाऊक असलं की वाट बघणं सोपं जातं.

तुमची भावजय

*

८ जून

वन्सं,

टेकले.

दोन्ही पाय, टाचांसकट. सकाळी चहाचा कप घेऊन गेले, नेहमीसारखी बसले आणि अर्धा चहा संपल्यावर लक्षात आलं की आज पाय हलत नाहीत, वाळूवर आहेत. गार होती. हिवाळाभर थोडी आली, थोडी गेली, आणि मग एकदाची राहिली. कापलेल्या उंचवट्यावर नवं गवत आलं आहे, मी एक काडी उचललेली नाही. सुस्तराव साक्ष देतील, जागे असले तर.

तुमची खोली झाडून ठेवली आहे. घरातला खराटा सौद्यात नव्हता.

आता एक अडचण. तुम्ही माझ्यापेक्षा बुटक्या. आज तुम्ही त्या बाकावर बसलात तर तुमचे पाय टेकणार नाहीत, बोटभर कमी पडेल. तेवढ्यासाठी थांबू नका. या. ती बोटभर वाळू येईपर्यंत दोघी बसू.

तुमची खराटाबाई